वाहकबाईंचा उजवा अंगठा: छोट्या छेदांच्या शस्त्रक्रियेचं एक प्रकरण

उजव्या अंगठ्याच्या बुडाशी गाठ, ती बुटाला घासून होणारी जळजळ, आणि गेल्या वर्षभरात दुसऱ्या बोटाखाली चवड्यात वाढत गेलेलं दुखणं. एवढ्या तक्रारी घेऊन ४७ वर्षांच्या एक बाई माझ्याकडे आल्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या एसटी आगारात त्या वाहक आहेत. (ओळख पटू नये इतपत तपशील इथे बदलले आहेत.) मोबाइलमध्ये त्यांनी एक चित्रफीत जपून ठेवली होती: चिरफाड नाही, टाके नाहीत, त्याच दिवशी चालत घरी. "मला हेच करायचंय डॉक्टर. आपल्याकडं होतं का?"

होतं. पण छेद केवढा, हा प्रश्न या आजारात सगळ्यात शेवटी यायला हवा आणि हल्ली तो सगळ्यात आधी येतो. कोणतं हाड सरकवायचं, किती सरकवायचं, मुळात सरकवायचं का, आणि रुग्ण परत कोणत्या कामावर उभा राहणार, हे ठरल्यावर मग आत शिरायची वाट ठरते. म्हणून चित्रफीत बाजूला ठेवून आम्ही पायापासून सुरुवात केली.

तपासणी

अंगठ्याच्या या दुखण्याला दवाखान्यात हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात, बोलताना बनियन. तिथे नवं हाड उगवलेलं नसतं. अंगठ्यामागचं चवड्यातलं लांब हाड, म्हणजे पहिलं मेटाटार्सल, आतल्या अंगाला, म्हणजे दुसऱ्या पायाच्या बाजूला, सरकतं आणि अंगठा उलट दिशेने बाकीच्या बोटांवर कलतो. दोघांच्या मध्ये जो कोपरा बाहेर येतो तो बुटाला घासतो, त्यावरची कातडी जाड होते, आतली पातळ पिशवी सुजते. लोकांना दिसते ती गाठ ही एवढीच. नुसता तो उंचवटा तासून टाकला तर दोन्ही हाडांची दिशा तशीच वाकडी राहते आणि काही वर्षांत गाठ परत येते. जुन्या काळी तसं तासून पाहिलेले पाय अजूनही अधूनमधून तपासायला येतात.

बाईंकडे आधीचा एक एक्सरे होता, झोपून काढलेला. त्याचा उपयोग नाही. पायावर वजन नसताना हाडं आपली खरी जागा दाखवत नाहीत, कोन कमी भरतो. उभं करून पुन्हा फोटो काढला. अंगठ्याचा कल ३४ अंश, पहिल्या दोन मेटाटार्सलमधला कोन १५ अंश. हे आकडे साधारणपणे १५ आणि ९ च्या आत असावेत. अंगठ्याचा कल ४० च्या आणि हाडांमधला कोन १६ च्या आसपास गेला की तीव्र म्हणायचं, म्हणजे बाईंचा पाय मध्यम गटातला, वरच्या कडेचा. मेटाटार्सलच्या डोक्याखाली सेसमॉइड नावाची दोन छोटी हाडं असतात, ती जागेवर होती. डोकंच त्यांच्यावरून आत घसरलं होतं.

कोनांपेक्षा मला दुसऱ्या बोटाने जास्त विचारात पाडलं. अंगठ्याच्या रेट्याने ते वर उचललं गेलं होतं. त्यातलं जोडवं इतकं रुतलं होतं की सोनाराकडून कापून काढावं लागलं. बोटावर त्याचा पांढुरका पट्टा राहिला होता. आणि त्याच बोटाच्या मागे, तळव्याला, जाड घट्टा होता. चालताना पाऊल पुढे टाकायच्या क्षणी शरीराचा मोठा भार अंगठ्यामागच्या हाडाने घ्यायचा असतो. ते आत सरकलं की आपलं काम शेजाऱ्यावर ढकलतं. दुसरं मेटाटार्सल त्या मानाने बारीक आणि लांब, ते हा भार सोसत राहतं, खालची कातडी जाड होते आणि एक दिवस गाठीपेक्षा चवडाच जास्त दुखायला लागतो. या बाईंचं तेच झालं होतं. घाटातली वळणं, एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हाताने वरची दांडी, आणि सगळा तोल चवड्यावर. अशी ड्यूटी करणाऱ्याला "दुखतं तेव्हा बसा" असं सांगणं निरर्थक आहे.

बाकी तपासणी समाधानकारक होती. अंगठ्याचा सांधा मोकळा हलत होता, आत खरखर नव्हती. ती असती तर हाड सरकवण्यापेक्षा सांधा जोडून टाकण्याचा विचार करावा लागला असता. मेटाटार्सलच्या मागचा, पायाच्या मध्यातला सांधा ढिला नव्हता. तो ढिला असता तर लॅपिडस पद्धतीने तो पक्का करणं योग्य ठरलं असतं. दुसरं बोट हाताने सरळ होत होतं. पायाच्या दोन्ही नाड्या चांगल्या लागत होत्या, तळव्याची संवेदना शाबूत होती. गोळ्या घेऊन मधुमेह ताब्यात होता, एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ६.८.

तंबाखूबद्दल विचारलं तर ठाम "नाही" आलं. मग वेगळं विचारलं: "मिसरी लावता का?" "मिसरी होय, ती सकाळ-संध्याकाळ लागतेच की!" आपल्याकडे हा प्रश्न असा फोडून विचारावा लागतो. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि निकोटिन हिरड्यांतून गेलं काय किंवा फुफ्फुसांतून गेलं काय, लहान रक्तवाहिन्या आकसतात आणि कापलेलं हाड जुळायला वेळ लावतं. तारीख नंतर, मिसरी आधी, असं सांगितलं. दीड महिन्याने यजमानांना सोबत घेऊन त्या आल्या. "बंद केलीय. ह्यांना विचारा."

"मला कसं झालं?"

हा प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता. "उंच टाचांची चप्पल मी लग्नातसुद्धा घातली नाही." टोकदार, उंच बुटांमुळे हे होतं असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यात तथ्य आहे. हाँगकाँगमध्ये १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बूट घालणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांना हा दोष आढळला होता, अनवाणी राहणाऱ्यांत जेमतेम २ टक्क्यांना. पण त्या २ टक्क्यांचं काय? आणि बूट घालणाऱ्या उरलेल्या ६७ टक्क्यांना का झालं नाही? घराण्याकडून आलेली पायाची ठेवण हा मोठा भाग आहे. बाईंच्या आईचा अंगठा असाच होता, मावशीचाही. तिशीपर्यंत त्या मोकळ्या चपलेत वावरल्या तेव्हा त्रास नव्हता. नोकरी लागल्यावर दिवसभर बंद काळे बूट आले आणि वाकायला तयार असलेला अंगठा वाकला. बूट हे एकटं कारण नसलं तरी त्याने घाई केली, असं मी सांगितलं.

रात्री पायाला बांधायचा पट्टा त्यांनी ऑनलाइन मागवून वापरला होता. मोठ्या माणसाच्या पायात असा पट्टा हाड जागेवर आणत नाही. बांधलेला असतो तोवर बरं वाटतं. रुंद पंजाचे बूट, बोटांमधला सिलिकॉनचा तुकडा, चवड्याखाली गादी हे सगळं वर्षभर करून झालं होतं. यातल्या गादीने थोडा फरक पडला होता, एवढंच.

डाव्या पायाचा अंगठाही कललेला होता, २२ अंश. "दोन्ही एकदम करून टाका डॉक्टर, रजा एकदाच घ्यावी लागेल." हिशेब बिनचूक, पण डावा पाय दुखत नव्हता. न दुखणारा अंगठा दिसायला सरळ व्हावा म्हणून हाड कापायचं नाही, हे मी पाळतो. सरळ झालेला पण आता दुखायला लागलेला पाय कुणालाच नको असतो.

वाट कोणती घ्यायची

उघड्या शस्त्रक्रियेचे पर्याय जुने आणि खात्रीचे आहेत: अंगठ्याच्या आतल्या बाजूला काही सेंटिमीटरचा छेद, सांध्याचं आवरण उघडायचं, करवतीने हाड कापून सरकवायचं, स्क्रू लावायचे. स्कार्फ म्हणतात ती यातली मुरलेली पद्धत. छोट्या छेदांच्या पद्धतीने तिच्याशी बरोबरी साधायला बराच काळ घेतला आणि त्या काळातली बदनामी अजून पुसली गेलेली नाही. अमेरिकेत आयशम यांच्या पद्धतीत हाड बारीक छेदातून कापलं जाई आणि नुसत्या पट्ट्यांनी बांधून ठेवलं जाई. ऑस्ट्रियात बोश यांनी १९९० साली कापलेलं डोकं एका तारेने धरून ठेवण्याची पद्धत मांडली. तारेचं टोक बोटाच्या बाहेर राही. काही हातांत हे चांगलं जमलं, काहींत अंगठे पुन्हा घसरले. उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१० साली अशा पद्धतींवरचा पुरावा अपुरा ठरवून सावधगिरीची शिफारस केली होती, आणि त्या वेळी ते बरोबरच होतं. नंतर व्हर्नुआ आणि रेडफर्न यांची, हाड दोन पक्क्या स्क्रूंनी धरणारी पद्धत रूढ झाली आणि चित्र बदललं. तिला मायका म्हणतात.

२०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या शल्यविशारदांनी ५० रुग्णांत छोट्या छेदांची पद्धत आणि उघडी स्कार्फ यांची तुलना प्रसिद्ध केली. पहिल्या सहा आठवड्यांत छोट्या छेदांच्या गटाला वेदना कमी होत्या. पुढे दोन्ही गटांचे पाय सारखेच निघाले. मी बाईंना सांगितलं ते यावरूनच: सुरुवातीचे आठवडे सोपे जातील, जखम लवकर भरेल, मधुमेहात त्याला किंमत आहे, वर्षभरानंतरचा अंगठा मात्र कोणत्याही वाटेने गेलं तरी साधारण तसाच. शिवाय सांध्याचं आवरण उघडावं लागत नाही म्हणून सांधा आखडण्याची भीती थोडी कमी असते असा माझा अनुभव. उकिडवं बसणं, मांडी घालणं, गाडीच्या उंच पायऱ्या चढणं ज्यांना रोज करायचंय त्यांच्यासाठी हा मुद्दा मला छेदाच्या लांबीपेक्षा मोठा वाटतो.

एक गोष्ट चित्रफितीत नव्हती, ती सांगणं भाग होतं. ही पद्धत शिकायला वेळ लागतो. शल्यविशारदाला हाड डोळ्यांनी दिसत नाही, पडद्यावरच्या एक्सरेत दिसतं. त्यामुळे कुठल्याही डॉक्टरला "अशा किती केल्यात" हे विचारण्यात उद्धटपणा नाही. बाईंनी लगेच मलाच विचारलं.

शस्त्रक्रिया

घोट्याभोवती भूल, सोबत थोडी गुंगी. मांडीला रक्त अडवणारा पट्टा बांधला नाही. या पद्धतीत तो नकोच असतो, कारण वाहतं रक्त आत फिरणाऱ्या पात्याला थंड ठेवायला मदत करतं. बाकी सगळी गंमत त्या पात्यातच आहे. त्याला बर म्हणतात: २ मिलिमीटर जाड, २० मिलिमीटर लांब, कडेने धार. दंतवैद्याच्या यंत्रासारखं ते भन्नाट वेगाने फिरवायचं नसतं. फेरे कमी, जोर जास्त, आणि वरून सतत थंड सलाइनची धार. वेग वाढला की उष्णता वाढते. कातडी भाजते, हाडाची कड मरते आणि मग ती जुळत नाही.

मेटाटार्सलच्या मानेपाशी, आतल्या बाजूला, चारेक मिलिमीटरचा पहिला छेद. सी-आर्मच्या, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना एक्सरे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर जागा पक्की करून बर हाडात घातला. इथे या रुग्णापुरता एक निर्णय होता. बर हाड नुसतं कापत नाही, आपल्या जाडीइतकं खाऊनही टाकतो. म्हणजे काटकोनात कापलं तर हाड दोनेक मिलिमीटरने आखूड होतं. एरवी हे चालून जातं. पण ज्यांच्या दुसऱ्या बोटाखाली आधीच घट्टा आहे त्यांचं पहिलं हाड आखूड झालं, किंवा डोकं जरासं वर उचललं गेलं, की शेजाऱ्यावरचा भार आणखी वाढतो. अंगठा सरळ आणि चवडा पूर्वीपेक्षा दुखरा, असा निकाल हाती येतो. म्हणून कापाची दिशा थोडी बोटांकडे आणि थोडी तळव्याकडे झुकती ठेवली, म्हणजे डोकं बाहेर सरकताना पुढे आणि खालीही जाईल.

काप पूर्ण झाल्यावर हाडाच्या पोकळीत एक बोथट हत्यार घालून डोकं बाहेरच्या दिशेने ढकललं, हाडाच्या निम्म्याहून जास्त रुंदीइतकं. मागून तिरका स्क्रू घातला. तो आधी आतल्या भिंतीतून, मग बाहेरच्या भिंतीतून आणि शेवटी डोक्यात जायला हवा. बाहेरची भिंत चुकली तर पकड कच्ची राहते. त्याला समांतर दुसरा. या दोन स्क्रूंवरच रुग्णाला त्याच दिवशी उभं करता येतं, म्हणून त्यांच्यासाठी लागेल तेवढा वेळ घेतो आणि त्या वेळी कुणी काही विचारलेलं मला आवडत नाही.

त्यानंतर अंगठ्याच्या पहिल्या पेराच्या हाडातून पाचरीएवढा भाग काढून उरलेला कल मोडला, त्याला एक स्क्रू. आतल्या बाजूला राहिलेली हाडाची धार बरने उतरवली. हाडाचा भुगा टूथपेस्टसारखा छेदातून दाबून काढावा लागतो. आत राहिला तर सूज आणि कडकपणा देतो. बाहेरच्या बाजूचं आवळलेलं आवरण एका बारीक छेदातून सैल केलं. एकूण सहा छेद, प्रत्येकाला एक टाका. म्हणजे टाके होतेच.

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मेटाटार्सलचेही असेच काप घेऊन चवड्याचा भार वाटता येतो. भूल असतानाच ते करावं का, यावर आधी बराच विचार केला होता. त्या कापांना स्क्रू नसतात, सूज महिनोन्‌महिने रेंगाळते. पहिलं हाड जागेवर आलं की त्याने आपला भार परत घ्यावा अशी अपेक्षा होती, बोटही लवचीक होतं. म्हणून ते पुढच्या टप्प्यावर ठेवलं. गरज पडली तर नंतर करू, असं बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं.

पुढचे महिने

संध्याकाळी कडक तळाच्या, सपाट बुटात टाच टेकत त्या स्वच्छतागृहापर्यंत चालत गेल्या. सुट्टीच्या वेळी दिलेल्या सूचनांतली महत्त्वाची सूचना औषधांची नव्हती: पाय हृदयापेक्षा उंच ठेवून पडून राहणं, दिवसाचा बहुतेक वेळ, पहिले दोन आठवडे. "चालता येतं" याचा अर्थ "चालत राहा" असा घेतला की सूज वाढते आणि सुजेमुळे छेद ओले राहतात. घरी शौचालय भारतीय पद्धतीचं होतं. उकिडव्यातून उठताना सगळं वजन चवड्यावर येतं, म्हणून सहा आठवड्यांसाठी कमोडची खुर्ची आणायला लावली. अंगठा दोन आठवडे पट्ट्यांनी बांधलेला, दुसरं बोट सहा आठवडे पट्टीने खाली धरलेलं. टाके निघाल्या दिवसापासून अंगठा हाताने वर-खाली करायचा व्यायाम. तो दुखतो, आणि नेमका तोच टाळला जातो.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला. नात्यातल्या कुणी तरी एक्सरे मोबाइलवर पाहून सांगितलं होतं की हाड जुळलेलंच नाही, सरकलंय. त्यांची चूक नव्हती. या शस्त्रक्रियेनंतरचा फोटो पाहून अस्थिरोगाच्या नव्या निवासी डॉक्टरांनाही धक्का बसतो: डोकं एका बाजूला, दांडा एका बाजूला, मधे दोन स्क्रू. ती फट हळूहळू नव्या हाडाने भरते आणि पुढे वर्षभर हाड आपला आकार घडवत राहतं. आता मी शस्त्रक्रियेआधीच रुग्णाला असा एक फोटो दाखवून ठेवतो.

सहा आठवड्यांनी उभ्याने काढलेल्या फोटोत अंगठ्याचा कल ११ अंश, हाडांमधला कोन ६. सेसमॉइड डोक्याखाली होते. ते बाहेर राहिले असते तर दोष परत येण्याची शक्यता जास्त असते. कडक बूट सुटले, सैल स्पोर्ट्‌स शूज आले. आगारात हलकं काम मिळावं असं प्रमाणपत्र दिलं, सातव्या आठवड्यापासून त्या टेबलावर बसायला लागल्या. गाडीवर जायची त्यांना घाई होती, पण संध्याकाळी पाय सुजायचा आणि गणवेशाचा काळा बूट चढत नव्हता. चौथ्या महिन्यात चढला, तेव्हा मार्गावर गेल्या, तेही आधी घाटाच्या फेऱ्या टाळून.

अंगठ्याच्या आतल्या कडेला एक पट्टा बधिर झाला होता. तिथली त्वचेची नस छेदांच्या वाटेतच असते, उघड्या शस्त्रक्रियेतही ती दुखावते. सहाव्या महिन्यापर्यंत पट्टा आक्रसला, पूर्ण गेला नाही. स्क्रूचं डोकं कातडीखाली टोचतं म्हणून तो काढावा लागणं हे या पद्धतीतलं पुन्हा टेबलावर येण्याचं नेहमीचं कारण. यांना अजून तसं काही झालेलं नाही. सांध्याची हालचाल आधीपेक्षा थोडी कमी आहे. मोजल्यावर कळते, उकिडवं बसताना बाईंना जाणवत नाही.

वर्षाच्या भेटीत कल १२ अंश भरला. तळव्याचा घट्टा बराच पातळ झालाय, गेलेला नाही. लांब पल्ल्याच्या ड्यूटीनंतर तिथे अजून दुखतं, बुटात चवड्यामागे छोटी गादी घातली की थांबतं. बाकीच्या मेटाटार्सलचे काप घ्यायचे का, हे त्यांना विचारलं, "एवढ्यासाठी परत रजा? नको," म्हणाल्या. मलाही ते पटलं. जोडवी परत घातली आहेत, या वेळी उघड्या तोंडाची, सैल करता येणारी. डावा अंगठा २२ अंशांवरच आहे. तो दुखत नाही, म्हणून त्याला फक्त रुंद पंजाचा बूट आणि वर्षातून एकदा तपासणी.